टायरची आतली बाजू

घट बसले की या शहराचा वास बदलतो. कोऱ्या रबराचा वास, सीटवरून ओरबाडून काढलेल्या प्लास्टिकचा वास आणि त्या सगळ्यावर झेंडू. जालना रोडवरच्या शोरूमांपुढं मांडव पडतात. आतल्या गुळगुळीत फरशीवर नारळाचं पाणी सांडतं आणि त्यात बुटांचे ठसे उठतात. सकाळी माझं बॅटरीचं दुकान उघडायला मी त्याच रस्त्यानं जातो आणि तेवढ्या पट्ट्यात श्वास अर्धाच घेतो. लोकांना तो सणाचा वास वाटतो. मला मळमळतं.

यंदा तर उड्डाणपुलाच्या तोंडाशीच फलक लागलाय. लाल रंगाची ठेंगणी गाडी, मागं धुरळा, धुरळ्यात पुसटशी बैलजोडी, आणि खाली हातभर अक्षरात: हिच्या अंगात पटाचं रक्त आहे. मी स्कूटर बाजूला घेतली. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. ते वाक्य माझं आहे. कुणी माझं नाव घालणार नाही, आणि घालू नयेच. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालंय, आणि दर दसऱ्याला ते असं कुठं ना कुठं उगवतं. शेणात किडा उगवावा तसं.

मी फार बोलणारा माणूस नाही. घरी तर नाहीच. बोलायचो ते पगारासाठी. एका परदेशी कंपनीच्या महागड्या गाड्या विकणाऱ्या शोरूममध्ये मी बरीच वर्षं होतो. विकणारे वेगळे असायचे. माझं काम गाडी समजावून सांगण्याचं. गिऱ्हाईक गाडी घरी न्यायला आलं की त्याला बटणं दाखवायची, आणि बटणांच्या आधी घराणं सांगायचं. कारण ती कंपनी शर्यतीच्या मैदानातून वर आलेली. तिच्या रस्त्यावरच्या वेगवान गाड्यांच्या प्रत्येक अंगाला शर्यतीतला एकेक पूर्वज होता, आणि तो मला पाठ होता. स्टिअरिंगमागच्या गियर बदलायच्या पात्या कुठून आल्या, तर शर्यतीतून. चालकाला हात काढायला वेळ नसतो म्हणून. कंबर आवळून धरणारी सीट कुठून आली, तर वळणावर माणूस बाजूला फेकला जाऊ नये म्हणून. ब्रेक सकाळी थंड असताना किंचाळतात ते का, तर ते तापून लाल होण्यासाठी जन्मलेत, दूध आणायला जाण्यासाठी नव्हे. हे सगळं खरं होतं. हे मला आजही कबूल केलंच पाहिजे, कारण खोट्याची किळस आली असती तर सोपं गेलं असतं. खऱ्याचीच आली.

थोडं खोटंही होतं. बोनेटच्या बाजूला दोन जाळ्या होत्या, हवा आत जायला म्हणून दाखवायच्या. त्यांच्यामागं सरळ काळं प्लास्टिक होतं, मुंगी जाणार नाही असं. आणि तो आवाज. रेसचं बटण दाबलं की इंजिन गुरगुरायचं, पाय सोडला की मागून फटाक्यांची लड लागल्यासारखे बार निघायचे. पोरं टाळ्या पिटायची. आमच्या वर्कशॉपचे रफीकभाई एकदा हळूच माझ्या कानाशी लागून म्हणाले होते, "आधा आवाज तो अंदर के स्पीकर का है साब. पब्लिक को बोलना नक्को." आम्ही दोघं हसलो होतो. पुढं प्रत्येक गाडीच्या वेळी आमची नजरानजर व्हायची आणि आम्ही पुन्हा हसायचो. ते हसू आठवलं की आता तोंड धुवावंसं वाटतं.

हे पटाचं मध्येच कसं आलं, ते सांगायला हवं. शेंद्र्याकडच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या आणि तिकडची माणसं आमच्याकडं यायला लागली. चांगली, मोकळी माणसं. थोडी शेती राखलेली, पोरं कंपन्यांत लावलेली, आणि हातात एकदम मोठी गाडी घेण्याची ऐपत. मी त्यांना परदेशातल्या मैदानांची नावं सांगायचो आणि ती माना डोलवायची, पण डोळ्यांत काही हलायचं नाही. मग एकदा एका म्हाताऱ्यानं मला मधेच थांबवलं. म्हणाला, लई लांबलचक सांगता बुवा तुम्ही, म्हणजे ह्यो पटावरचा बैल हाय म्हणा की.

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. आमच्या मराठवाड्यात पटाचा बैल म्हटलं की सगळं आलं. मी ते तिथल्या तिथं उचललं. दुसऱ्या गिऱ्हाइकापासून सांगायला लागलो: ही गाडी म्हणजे पटाच्या बैलाचं वासरू आहे, बाप मैदानात पळालेला, हिच्या अंगात पटाचं रक्त आहे. आणि काय सांगू, डोळे हलायला लागले. माणसं गाडीच्या बोनेटवरून असा हात फिरवायची जसा वशिंडावरून फिरवावा. वरच्यांनी मला बोलावून पाठ थोपटली. इतर गावांतल्या शोरूममधल्या पोरांना शिकवायला पाठवलं. मी खोल्या भरून माणसांना ते वाक्य म्हणायला शिकवलं, कुठं थांबायचं, कुठं हात बोनेटवर ठेवायचा, सगळं.

पटाच्या बैलाला माझ्या आजोळी रोज संध्याकाळी बसवून त्याचे खूर बघायचे, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. मामा दिव्याशी धरून एकेक खूर उलटा करून बघायचा. खडा असेल, चीर असेल. पट वर्षातून दोन-चार, पण खूर रोज. रक्त तेवढं मी उचललं, खूर आजोळीच राहिले.

दक्षिणेत एक रेसचं मैदान आहे, तिथं कंपनीनं आम्हाला शिकायला नेलं होतं. उन्हात डांबर वितळेल असं तापलेलं, आणि हवेत जळक्या रबराचा वास, इतका दाट की जेवणाला लागायचा. तिथं मला एक गोष्ट कळली जी मी आयुष्यात विसरणार नाही. शर्यतीच्या गाडीची चाकं सरळ उभी नसतात. वरून आत झुकलेली असतात, गुडघे जवळ आणून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. का, तर वळणावर गाडी बाहेर कलली की ते झुकलेलं चाक बरोबर सपाट बसतं आणि रस्ता धरतं. तोच झोक थोडा कमी करून कंपनी आपल्या वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांना देते. म्हणून त्या वळणावर रुळावरून गेल्यासारख्या जातात. पण आपला जालना रोड सरळ आहे. सरळ रस्त्यावर झुकलेलं चाक आतल्या कडेवर चालतं, आणि आतली कड झिजते. बाहेरून बघाल तर टायर नवा. नक्षी खोल, कडा टोकदार. आत हात घालाल तर गुळगुळीत, आणि आणखी उशीर केलात तर दोरे.

तिथल्या एका इंजिनिअरनं मला नुकतंच मैदानातून आलेलं चाक फिरवून दाखवलं होतं. चार माणसं त्या गाडीभोवती गुडघ्यावर बसली होती, प्रत्येक जण एकेका चाकाशी. गाडी फेरी मारून आली की ती माणसं हात घालून बघतात, पुन्हा गेली आली की पुन्हा बघतात. मी नंतर बरेचदा त्या दृश्याचा विचार केला. रस्त्यावरच्या गाडीनं शर्यतीतून वेग घेतला, झोक घेतला, आवाज घेतला, जाळ्या घेतल्या. ती गुडघ्यावर बसलेली माणसं घेतली नाहीत. ती विकता येत नाहीत.

गाडी देताना हे सांगायचं असतं. आतली कड बघून घ्या, टायर लवकर बदलावे लागतील. सुरुवातीला मी सांगायचोही. पण पटाच्या रक्तानंतर ते सांगितलं की सगळी रंगत जायची. शिवाय दसऱ्याला वेळ कुठं? विजय मुहूर्त सगळ्यांना एकच. लाल सॅटिनचं कापड ओढायचं, फोटो, केक, पुजारी, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वायपरमध्ये आपट्याची पानं. घरातली बाई चारही टायरना हळदकुंकू लावायची, बाहेरच्या अंगाला, जिथं हात पोचतो तिथं. चाकाखाली लिंबू. ते चिरडलं की त्याचा वास, रबर आणि थंडगार एसीची हवा. आणि लगेच पुढचं कुटुंब दारात उभं.

अशाच एका दसऱ्याला रामेश्वरराव त्या फलकावरच्यासारखीच लाल गाडी घेऊन गेले. शेंद्र्याजवळचेच. हसतमुख, जाड मिशीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. पण गाडी खरी चालवायची त्यांची बायको, वैशाली. बी.कॉम. झालेली, माहेर पैठणचं. घेण्याआधी गाडी चालवून बघताना मी मागं बसलो होतो आणि मला कळलं होतं की बाईचा हात चांगला आहे. स्टिअरिंग पकडत नव्हती, धरत होती. गियर बदलताना खांदा हलायचा नाही. मी तसं म्हणालोही. रामेश्वरराव म्हणाले, "आमच्या घरात इंजिन मी आन् ब्रेक ती." सगळे हसले. तीही.

वर्षभर ती गाडी मी रस्त्यात पाहायचो. पैठणच्या रस्त्याला, एकटीच, काच खाली. कधी शेजारी सासू, पदर डोक्यावर, दोन्ही हात मांडीवर, डोळे पुढं. गावात ती एकटी बाई होती एवढी मोठी गाडी चालवणारी आणि सासू ते चारचौघींत सांगायची, हे रामेश्वररावांनीच मला सांगितलं होतं.

दुसरं नवरात्र आलं. त्या दिवसांतली ऊब मला अजून अंगावर जाणवते. पाऊस परतताना मधेच एखादी जोराची सर टाकून जायचा, मग ऊन असं पडायचं की रस्त्यावरून वाफ यायची. कडेला सोयाबीनची मळणी, कुटार उडून डोळ्यांत. खंडेनवमीला वाहनं धुवून पुजायची, म्हणून वैशाली गाडी घेऊन आली. बरोबर रामेश्वरराव, मागं सासू, आणि आपल्या जुन्या गाडीनं मागोमाग आलेला रामेश्वररावांचा चुलतभाऊ विष्णू. विष्णूला तशीच गाडी घ्यायची होती. तो आपल्या कोटाची बाही सारखी करत, बुटाच्या टाचेनं फरशी तपासत फिरत होता. आमच्या मॅनेजरनं मला डोळ्यानं खुणावलं, हा आज सुटता कामा नये.

गाडी धुवायला लावली तेव्हा वैशाली माझ्याजवळ आली. म्हणाली, महिनाभरापासून मागून घुंऽऽ असा आवाज येतो, वेग वाढला की वाढतो. आणि परवा पावसात मागची बाजू सटकल्यासारखी वाटली. टायर तर नवेच दिसतात, पण एकदा बघता का.

मी वाकलो. मागच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला. बाहेरून नक्षी अशी खोल की काडी रुतावी. आत बोटांना प्रथम गुळगुळीत लागलं आणि मग काहीतरी खरखरीत, तुटलेलं, केसांसारखं. दोरे होते.

मी तिथं वाकलेलाच असताना माझ्या मागं विष्णूचे बूट येऊन थांबले. "काय झालं, साहेब? वर्षात टायर गेले का काय?" त्यानं सहज विचारलं, थोडं हसत.

मी उभा राहिलो. रुमाल काढला, बोटं पुसली. काळी होती, निघाली नाहीत. मी म्हणालो, "टायर ठणठणीत आहेत. हा आवाज रेसच्या सस्पेन्शनचा. ताई, पटाचं रक्त आहे हे, ते थोडं घुमणारच."

ठरवून म्हणालो असं नाही, आणि ठरवलं नव्हतं असंही नाही. माझ्या मनात होतं की उद्या फोन करीन, चार दिवसांनी शांतपणे टायर बदलून घ्या म्हणीन. स्टॉकमध्ये ते टायर नव्हतेच, मागवावे लागणार होते. विष्णूनं दहा मिनिटांत बयाणा दिला. मॅनेजरनं मला पेढा भरवला, आणि मी तो खाल्ला.

ते तिघं तिथूनच वेरूळला गेले, घृष्णेश्वराच्या दर्शनाला. विष्णू आपल्या गाडीनं परत गेला. दौलताबादच्या पुढं, सीताफळांचे ढीग मांडून बायका बसतात तिथून थोडं पुढं, मागचं डावं चाक फुटलं. गाडी स्वतःभोवती फिरली, रस्ता सोडून खाली मक्यात गेली. वैशालीच्या कपाळाला टाके पडले. रामेश्वररावांना खरचटलं. मागं बसलेल्या सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. जायलाच हवं होतं, शोरूमतर्फे. कॉरिडॉरमध्ये फिनाईलचा वास, आणि भिंतीशी उभे गावाकडचे दहा-पंधरा लोक, चपला काढून. रामेश्वररावांनी माझा हात धरला. त्यांनी विचारलं, "साहेब, खरं सांगा. गाडीत काही दोष व्हता का?"

तिथं सांगता आलं असतं. मी आजवर त्या एका श्वासाकडं परत परत जातो. दहा-पंधरा माणसं बघत होती, विष्णू बघत होता. मी म्हणालो, "गाडीत दोष नाही. रेसचं रक्त आहे, प्रत्येकाच्या हाताला झेपतंच असं नाही."

वैशाली तीन हातांच्या अंतरावर उभी होती, कपाळाला पट्टी. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. माझ्या हाताकडं पाहिलं, आणि मी तो खिशात घातला.

टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. फाटून गेलेल्या टायरला आतली बाहेरची बाजू राहत नाही. कुणी विचारलं नाही, कुणी बघितलं नाही. बाई चालवत होती, एवढ्यानंच सगळ्यांचं समाधान झालं.

माणसाला एखादी गोष्ट गिळायची असेल तर तो तिच्याभोवती किती पदार्थ गुंडाळतो, हे मी त्या वर्षांत शिकलो. मी स्वतःला सांगायचो की रस्ताच खराब होता. वेग जास्त असेल. पाऊस होता. मी सांगितलं असतं तरी ते वेरूळला गेलेच असते. ह्यातलं एखादं कधी पटायचं, मग रात्री जेवणात मक्याचं कणीस आलं की परत सगळं वर यायचं. बायकोला वाटायचं पित्त झालंय. ती आवळासुपारी द्यायची. मी चघळायचो. त्याच काळात मला बढती मिळाली.

आणि माझं वाक्य गावात फिरलं. हे मला उशिरा कळलं. स्कूटीवरून एखादी पोरगी घसरली की टवाळ पोरं म्हणायची, रक्त झेपलं नाय वाटतं. शोरूममध्ये एका गिऱ्हाइकानं ते मला विनोद म्हणून सांगितलं, शेंद्र्याकडची म्हण आहे म्हणाला. आपण टाकलेली घाण दुसऱ्याच्या अंगणात खेळणं होऊन फिरताना पाहावी, तसं वाटलं. मी हसलो मात्र. सवय होती.

मागच्या उन्हाळ्यात पैठणच्या बसथांब्यावर मला वैशाली दिसली. हातात पिशवी, उन्हात पदर ओढलेला, एसटीची वाट बघत. मी बॅटरी पोचवायला गेलो होतो. नोकरी त्याआधीच सोडली होती. का सोडली असं कुणी विचारलं की मी तब्येतीचं सांगायचो. ओळख दाखवावी का नको अशा घोळात मी उभा राहिलो, तर तीच म्हणाली, गाडी उशिरा आहे आज. मी विचारलं, तुम्ही एसटीनं? ती म्हणाली, चालवत नाही आता, त्या दिवसापासून. घरात तसं ठरलंय. माझ्या स्कूटरकडं हात करून मी काहीतरी पुटपुटलो, रिक्षापर्यंत सोडतो वगैरे.

"नको," ती म्हणाली. "झेपंल तेवढ्यानंच जावं माणसानं."

रागानं नाही. अगदी सरळ, जशी वेळ सांगावी. बस आली, ती चढली. मी तिथंच उभा राहिलो. एका माणसाच्या हातातलं एक येणारं काम मी काढून घेतलं होतं आणि त्याच्या जागी लाज ठेवली होती, आणि ती लाजही माझी होती. हे इतकं साधं होतं, तरी ते कळायला मला त्या बसथांब्यावर उभं राहावं लागलं.

फलक पाहिला त्याच दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि शेंद्र्याला गेलो. पाचवी-सहावी माळ असेल. घर नवीन, पुढं पोर्च, पोर्चमध्ये पांढरी जीप. कडेला तुरीचं एक वावर राखलेलं. रामेश्वररावांनी या या केलं, खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला सोसवेना. ओटीवर घट बसलेला, धान्य चांगलं वीतभर उगवलेलं. सासूबाई वॉकर ढकलत आल्या, ठक, ठक, आणि पलंगावर बसल्या. वॉकर वाजला की घरातली सगळी माणसं क्षणभर गप्प होतात, हे मी त्या तासाभरात चारदा पाहिलं. वैशालीनं पाणी आणून दिलं आणि दाराशी उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. हात घातला होता, दोरे लागले होते, विष्णू मागं उभा होता, दवाखान्यात काय बोललो आणि का. थांबत थांबत सांगितलं. मला अशा बोलण्याची सवय नाही. रामेश्वरराव जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "आता काहून सांगता हे? झालं-गेलं. तुमी आपलं च्या घ्या." त्यांना राग यावा असं मला वाटत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अडचण होती. एवढी वर्षं घरात एक दगड एका जागी ठेवला होता, आणि आता तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं. मला एकदम त्यांचीही किळस आली. मग माझी, त्यांची किळस करण्याची.

"आत्यांना ऐकू कमी येतं," वैशाली सासूकडं हात करून दारातून म्हणाली. "परत सांगा. मोठ्यानं."

मी तिच्याकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मग मी पलंगाशी जाऊन ओरडून सांगितलं. शरमेची गोष्ट कुजबुजायची असते असं आपल्याला वाटतं. ती ओरडून सांगायची वेळ आली की शब्द उरतच नाहीत, नुसती हाडं उरतात. टायर फाटलेला होता. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. ताईंची चूक नव्हती. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणारी बाई थांबून ऐकत होती, ते मला दिसत होतं.

सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग माझ्यावरून नजर काढून त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि विचारलं, "म्हंजी ही म्हनत व्हती ते खरं व्हतं का रे? चाकाचं?"

रामेश्वरराव घटाकडं बघायला लागले. म्हणजे तिनं तेव्हाच सांगितलं होतं. घरात सांगितलं होतं, आणि माझ्या वाक्यानं तिचं वाक्य दाबलं गेलं होतं.

मी उठलो. आता मला तिथून निघायचं होतं, छातीतलं काहीतरी खरवडून काढल्यासारखं वाटत होतं आणि, लाज वाटते सांगायला, थोडं हलकंही. तेवढ्यात वैशालीनं विचारलं, "विष्णूभाऊजींच्या गाडीचे टायर बघितले का तुम्ही?"

मी पाण्याचा गडवा उचलला.

"तीच गाडी ना ती? तसलीच चाकं? आता त्यांची पोरगी अश्विनी नेते, शहरात, कॉलेजला. तिला कुणी सांगितलंय का आतून बघायचं?"

इतकी वर्षं मी मळमळत होतो, श्वास अर्धा घेत होतो, नोकरी सोडली होती. आणि त्या सगळ्यात एकदाही माझ्या डोक्यात विष्णूची गाडी आली नव्हती. टायर बदललेही असतील. नसतीलही. मला माहीत नव्हतं. माझा पश्चात्तापसुद्धा माझ्यापुरताच होता, हे त्या ओटीवर, पाण्याचा गडवा हातात घेऊन मला कळलं, आणि तो हलकेपणा तिथल्या तिथं उतरला.

मी विचारलं, घर कुठं त्यांचं. रामेश्वरराव उठत म्हणाले, मळ्यात ऱ्हातेत, मी सोडतो. त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढली.

"तिला जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

रामेश्वररावांनी आईकडं पाहिलं, मग बायकोकडं. किल्ली त्यांनी दिली असं म्हणता येणार नाही. तिनं त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांनी घेऊ दिली.

मी शेजारी बसलो. तिनं सीट पुढं ओढली, आरसा खाली केला, आणि बराच वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर नुसते ठेवून बसली. पोर्चमधून काढताना गाडी बंद पडली. फाटकाशी पुन्हा पडली. रामेश्वरराव ओसरीवरून बघत होते, गच्चीवरची बाईही. मी समोर बघत बसलो. मला आयुष्यभर बोलायचे पैसे मिळाले होते. त्या वेळी एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या खेपेला तिनं क्लच हळू सोडला आणि आम्ही शेतांमधल्या पांदीच्या रस्त्याला लागलो. रस्ता खराब होता. ती खड्डे चुकवत, दात आवळून, फार हळू चालवत होती. मळा दिसायला लागला तेव्हा शेडमध्ये लाल रंग दिसला. गाडी घरी होती. अश्विनी परत आली होती.

वैशालीनं जीप शेडपुढं उभी केली, इंजिन बंद केलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळून म्हणाली, "उतरा. बसा खाली."

मी लाल गाडीच्या मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसलो.